जुन्या गाडीला टर्बो की सुपरचार्जर?



जुन्या गाडीची ओढ वाढवण्यासाठी टर्बो बसवावा की सुपरचार्जर, हा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. विचारणारे बहुधा नववी-दहावीतले विद्यार्थी असतात, किंवा आय.टी.आय.ला गेलेले माजी विद्यार्थी. कुणाच्या घरी आजोबांच्या वेळची पद्मिनी असते, तर कुणाच्या शेतावर जुनी डिझेल जीप. बेळगावकरांना यंत्राचे वेड नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचे दुकान काढले. आज उद्यमबागेतल्या फौंड्र्यांत आणि कारखान्यांत मोटारींचे सुटे भाग तयार होतात आणि आपल्या कितीतरी विद्यार्थ्यांची घरे त्यावर चालतात. त्यामुळे मुलांनी असा प्रश्न विचारावा याचे आम्हाला कौतुकच वाटते. मात्र उत्तर चुकले तर घरचा पैसा जातो, चांगले चालणारे इंजिन जाते आणि घाटात जिवावरही बेतू शकते. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडत आहोत.

इंजिनाची खरी भूक हवेची

गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, म्हणजे एक लिटरपेक्षा थोडे मोठे. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा भरतो. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर हे छोटे इंजिन पूर्ण भरल्यास मिनिटाला सोळाशे लिटरहून अधिक हवा ओढेल. दोनशे लिटरची आठ पिपे मिनिटाला रिकामी करण्यासारखेच हे झाले!

ही हवा इंजिन स्वतः ओढून घेते, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब जेवढा, तेवढीच ती आत येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. येथे हवेचा दाब पणजीपेक्षा साधारण आठ टक्के कमी असतो. त्यामुळे साध्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच प्रमाणात कमी होते. चोर्ला घाट चढून वर येणाऱ्या गाडीला चढणीबरोबर या विरळ हवेशीही झगडावे लागते.

याचा मोठा प्रयोग १९१८ साली अमेरिकेत झाला. सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने 'लिबर्टी' नावाचे विमानाचे इंजिन चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन चालवले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर आले. त्याला टर्बो जोडल्यावर ते ३५६ पर्यंत पोहोचले. इंजिन तेच होते, फक्त त्याला पोटभर हवा मिळाली. टर्बो आणि सुपरचार्जर या दोघांचेही काम एवढेच : हवा दाबून आत भरणे. फरक आहे तो हा पंप कशावर चालतो यात.

सुपरचार्जर : पट्ट्यावर चालणारा

सुपरचार्जर इंजिनाच्या क्रँकवरून पट्ट्याने फिरतो. त्याचा एक जुना प्रकार 'रूट्स' या अमेरिकन बंधूंच्या नावाने ओळखला जातो. १८६० च्या सुमाराचे त्यांचे यंत्र मुळात कारखान्यांत हवा फुंकण्यासाठी होते. पुढे ते मोटारीला आले.

इंजिन फिरले की सुपरचार्जर फिरलाच. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताक्षणी जोर मिळतो, कमी वेगातही मिळतो. सायलेन्सरच्या बाजूला काही बदलावे लागत नाही. पण तो फिरवायला इंजिनाचीच ताकद खर्च होते. पद्मिनीएवढ्या इंजिनाला अर्धा बार जादा दाब द्यायचा, तर इंजिनाच्या ताकदीतला साधारण दहावा हिस्सा यातच जाईल असा आमचा हिशेब आहे. साहजिकच पेट्रोलही जास्त लागते.

टर्बो : धुरावर चालणारा

इंधनातल्या उष्णतेचा ढोबळ हिशेब असा : एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश रेडिएटरवाटे आणि इंजिनाच्या अंगातून जाते, आणि एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर पडते. या वाया जाणाऱ्या धुरावर चक्र फिरवून त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवेचा पंप बसवावा, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांची. त्यांचे पेटंट १९०५ सालचे.

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याचे एक टोक लालबुंद होण्याइतके तापते आणि तो टिकतो केवळ तेलाच्या पातळ थरावर. ऑइल जुने झाले, किंवा इंजिनाचा तेलाचा दाब कमी असला, तर सर्वांत आधी टर्बो जातो. घाट चढून माथ्यावर चहाला थांबल्यावर लगेच चावी बंद करू नये, मिनिटभर इंजिन मंद चालू ठेवावे, असे जाणते ड्रायव्हर सांगतात त्याचे कारण हेच. इंजिन बंद झाले की तेलही थांबते, आणि तापलेल्या दांड्यावर उरलेले तेल करपते.

दुसरी मर्यादा म्हणजे धूर पुरेसा येईपर्यंत टर्बो जागा होत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यापासून जोर येईपर्यंत क्षणभर वाट पाहावी लागते. खडेबाजारात संध्याकाळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर सरकणाऱ्या गाडीला टर्बोचा फायदा जवळजवळ मिळत नाही. तीच गाडी भरल्या वजनाने निपाणीजवळचा तवंदी घाट एका लयीत चढू लागली, की टर्बो खरे काम दाखवतो. सुपरचार्जर मात्र दोन्हीकडे सारखा असतो. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की आपली गाडी रोज कोठे चालते?

दाब वाढला की तापही वाढतो

सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, हे सर्वांनी अनुभवले आहे. येथेही तसेच होते. ३० अंशांची हवा दीडपट दाबाला आणली, की ती ८५ अंशांच्या आसपास तापते. तापलेली हवा प्रसरण पावते. त्यामुळे दाब दीडपट झाला तरी हवा दीडपट भरत नाही, जेमतेम सव्वापट भरते. म्हणून पंप आणि इंजिन यांच्यामध्ये हवा थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर, बसवतात. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला वायूंचा नियम येथे थेट पैशांच्या हिशेबात येतो!

पेट्रोल आणि डिझेल : येथेच खरा निर्णय

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी मिसळतात व मग ठिणगी पडते. मिश्रण फार दाबले किंवा तापले, तर ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. त्याचे हातोडीसारखे घाव पिस्टनवर बसतात. पिस्टनला भोक पडणे, रिंगा तुटणे, हेड गॅस्केट उडणे, हे सारे त्यातून होते.

मोठ्या कंपनीलाही हे अवघड गेले आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल कंपनीने 'जेटफायर' ही टर्बोची मोटार आणली. इंजिन मूळचेच जास्त कॉम्प्रेशनचे, त्यात कार्बोरेटर. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडावे लागे. ग्राहक ती टाकी भरायला विसरत. १९६३ नंतर गाडी बंद झाली आणि कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवण्यात आले. कारखान्यात, अभियंत्यांच्या देखरेखीखाली बनलेल्या गाडीची ही गत. मग गॅरेजमध्ये जोडलेल्या सामानाचा विचार आपणच करावा.

डिझेलचे तसे नाही. तेथे आत फक्त हवा दाबली जाते आणि डिझेल शेवटी फवारले जाते. त्यामुळे पेट्रोलसारखे नॉकिंग होण्याची भीती नाही. उलट जादा हवा मिळाली तर डिझेल नीट जळते आणि काळा धूर कमी होतो. याचे आपल्या पुण्यातले उदाहरण म्हणजे टाटांची इंडिका. १९९८ च्या अखेरीस आलेल्या इंडिकाचे १४०५ सी.सी.चे साधे डिझेल इंजिन ५३ च्या आसपास अश्वशक्ती देई. त्याच आकाराच्या इंजिनाला पुढे कंपनीने टर्बो दिला, तेव्हा ती साठीच्या वर गेली.

पण येथेही एक मेख आहे. नुसता टर्बो बसवून ताकद फारशी वाढत नाही. जादा हवेबरोबर जादा डिझेलही द्यावे लागते. मग गॅरेजमध्ये 'पंप वाढवला' जातो. प्रमाणाबाहेर वाढवला की सिलिंडरमधला ताप आणि दाब वाढतो, रेडिएटर पुरत नाही आणि वीस वर्षे चाललेले इंजिन एका उन्हाळ्यात बसते.

गाडी पळेल, थांबेल का?

विद्यार्थ्यांनी हे गणित जरूर करून पाहावे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग झाला, तर ऊर्जा १.७८ पट होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकने जिरवायची असते. जुन्या पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते तेव्हाच्या ताकदीसाठी बनवलेले. लांब उतारावर ते तापले की पकड सुटू लागते. क्लच, गियर आणि टायर यांचेही तेच. म्हणून इंजिनाची ताकद वाढवण्याचा खर्च केवळ टर्बोच्या किमतीवरून कधीही काढू नये.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात हे पुन्हा ठामपणे सांगितले आहे. आपल्या रस्त्यांवर के.ए. २२, के.ए. २३ आणि एम.एच. ०९ अशा सर्व गाड्या फिरतात. पण कायदा केंद्राचा असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना तो एकच आहे. न कळवता केलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर विम्याच्या भरपाईवर पाणी सोडावे लागू शकते. म्हणून सामान घेण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात आणि विमा कंपनीत लेखी विचारणा करावी.

मग आमचे मत काय?

पहिले, जुनी डिझेल गाडी, जिच्या त्याच इंजिनाची टर्बोची आवृत्ती कंपनीने काढली होती आणि जी मुख्यतः घाटरस्त्याने चालते, तिला टर्बोच योग्य. मात्र पूर्ण संच कंपनीच्या मापाचा हवा, आर.टी.ओ.ची मान्यता हवी, आणि आधी इंजिनाचे कॉम्प्रेशन व तेलाचा दाब तपासलेला हवा.

दुसरे, कार्बोरेटरची जुनी पेट्रोल गाडी असेल, तर दोहोंपैकी कमी दाबाचा सुपरचार्जर तिला अधिक मानवतो. कारण जोर एकसारखा येतो आणि धुराचा ताप इंजिनाजवळ कोंडत नाही. तरीही आमचा सल्ला दोन्ही न बसवण्याचा आहे. इंग्लंडमध्ये १९२९ साली बेंटली मोटारीला सुपरचार्जर लावायचे ठरले, तेव्हा खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला विरोध होता. ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सुपरचार्जरच्या बेंटली कधी जिंकल्या नाहीत. १९२९ आणि १९३० साली जिंकली ती त्यांचीच मोठ्या इंजिनाची, विनासुपरचार्जरची मोटार.

तिसरे, आणि हे विश्वस्त व पालक या दोघांसाठी : शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या कोणत्याही व्हॅनला किंवा जीपला असा बदल मुळीच नको. मुलांच्या गाडीत ताकदीपेक्षा ब्रेक, टायर आणि दरवाजे आधी पाहावेत.

जुनी गाडी ओढत नाही, याचे कारण बहुतेक वेळा हवेचा पंप नसणे हे नसते. झिजलेल्या रिंगा, न बसणारे व्हॉल्व्ह, चुकलेले टायमिंग, तुंबलेला एअर फिल्टर, घसरणारा क्लच, अडकून चाकाला धरून ठेवणारे ब्रेक, यांपैकी काहीतरी असते. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि डायफ्राम त्याने लवकर खराब होतात, तेही पाहावे. हे सारे दुरुस्त केले, तर गाडीची हरवलेली ताकद तिच्याच इंजिनातून परत मिळते. तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून निवृत्त झाली. आपल्याकडे ज्या थोड्या घरांत अशी गाडी अजून धडधाकट आहे, तेथील मुलांनी तिच्यावर पहिला प्रयोग करायचाच असेल, तर तो कॉम्प्रेशन गेज हातात घेऊन करावा. चारही सिलिंडरांचे आकडे वहीत लिहून आणावेत. ते कसे वाचायचे, हे आम्ही आनंदाने समजावून सांगू.