चुंबकीय नॅनोकणांद्वारे कर्करोग औषधवहन

चुंबकीय नॅनोकणांद्वारे औषधवहन ही कर्करोगावरील औषध लोहाच्या ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांवर बांधून ते बाह्य चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने अर्बुदापर्यंत नेण्याची किंवा तेथे मुक्त करण्याची पद्धत होय. या कणांचा व्यास साधारणपणे १० ते १०० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. बाजारात मिळणारी चुंबकीय कडी किंवा ‘चुंबकीय पाणी’ यांच्याशी या पद्धतीचा काहीही संबंध नाही.

गरज

रसायनोपचारातील बहुतेक औषधे शिरेतून दिल्यावर सर्व शरीरात पसरतात आणि वेगाने विभाजित होणाऱ्या निरोगी पेशींनाही मारतात. केस गळणे, तोंड येणे व पांढऱ्या पेशी घटणे हे त्याचेच परिणाम होत. डॉक्सोरुबिसिन या प्रभावी औषधाने हृदयाच्या स्नायूंना इजा होते, म्हणून रुग्णाला आयुष्यभरात ते एकूण किती द्यावे यावरच मर्यादा असते. पुष्कळदा गाठ शिल्लक असतानाच ही मर्यादा गाठली जाते. औषध नेमक्या जागी पोहोचवता आले तर कमी मात्रेत काम भागेल, ही या संशोधनामागील मूळ प्रेरणा आहे.

कणांची रचना व गुणधर्म

गाभ्यासाठी मुख्यतः मॅग्नेटाइट व मॅगहेमाइट ही लोहाची ऑक्साइडे वापरतात. सुमारे २० नॅनोमीटरपेक्षा लहान झाल्यावर मॅग्नेटाइटचे कण सुपरपॅरामॅग्नेटिक बनतात. म्हणजे चुंबक जवळ असेपर्यंत ते जोरदार चुंबकित होतात आणि तो दूर करताच त्यांचे चुंबकत्व नाहीसे होते. हा गुण वैद्यकात निर्णायक ठरतो, कारण कायम चुंबकित राहणारे कण एकमेकांना चिकटून रक्तवाहिनी तुंबवू शकतात.

हे कण तयार करण्याची सर्वाधिक प्रचलित रीत म्हणजे सहअवक्षेपण. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने मासार यांनी ती १९८१ साली मांडली. लोहाच्या द्विसंयुजी व त्रिसंयुजी क्षारांच्या १:२ प्रमाणातील द्रावणात अमोनियासारखा अल्कली मिसळला की मॅग्नेटाइटचा काळा साका मिळतो. महागडी उपकरणे लागत नसल्याने ही रीत महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही करता येते. खरी अडचण सर्व कण एकाच आकाराचे मिळवण्यात आहे.

गाभ्यावर डेक्स्ट्रॅन, सिलिका किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांचे आवरण देतात आणि त्यावर औषध जोडतात. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास असतो, तर अर्बुदाभोवतालचा भाग व पेशीच्या आतील पुटिका अधिक आम्लधर्मी असतात. त्यामुळे आम्लात तुटणाऱ्या बंधाने औषध जोडले तर ते रक्तात टिकते व पेशीत सुटते.

शरीरातील अडथळे

चुंबक कणावर लावत असलेले बल कणाच्या घनफळाच्या प्रमाणात असते, तर रक्ताचा विरोध त्याच्या व्यासाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून १०० नॅनोमीटर व्यासाच्या चुंबकीय कणावरील बल १० नॅनोमीटरच्या कणावरील बलाच्या हजारपट असते आणि विरोध केवळ दहापट. सुरक्षित म्हणून निवडलेला लहान कण ओढायला अतिशय कठीण, असा हा पेच आहे. एकाच आवरणात अनेक लहान गाभे गुंफून तो काही अंशी सोडवता येतो. शिवाय बाह्य चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने घटतो. त्वचेलगतच्या गाठीसाठी तो पुरतो. पोटातील खोल अवयवांसाठी बहुधा पुरत नाही.

दुसरा अडथळा शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा. यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी हे कण परके म्हणून गिळून टाकतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात विविध प्रकारच्या नॅनोकणांचा अभ्यास केला असता, टोचलेल्या मात्रेपैकी मध्यक ०.७ टक्के भागच प्राण्यांतील अर्बुदापर्यंत पोहोचल्याचे आढळले. गिळलेल्या कणांतील लोह मात्र हळूहळू शरीराच्या नेहमीच्या लोहसाठ्यात मिसळते. फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांना अमेरिकेत २००९ साली पांडुरोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. पुढे क्वचित उद्भवणाऱ्या तीव्र ॲलर्जीमुळे त्यावर कडक इशारा छापणे बंधनकारक झाले.

मानवी चाचण्या

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत विडर व सहकाऱ्यांनी डॉक्सोरुबिसिन भरलेले चुंबकीय अल्ब्युमिन गोलक उंदरांच्या शेपटीतील अर्बुदावर यशस्वीपणे वापरले. शेपटी बारीक असल्याने चुंबक गाठीच्या अगदी जवळ ठेवता येतो, ही सोय माणसाच्या शरीरात सहसा मिळत नाही. १९९६ साली बर्लिनमध्ये लुब्बे यांच्या गटाने एपिरुबिसिन जोडलेले चुंबकीय द्रव १४ रुग्णांना देऊन पहिली मानवी चाचणी केली. रुग्णांना उपचार सोसला, पण सुमारे निम्म्यांतच कण गाठीत जमल्याचे दिसले. यकृतातही ते साचले.

ओढण्यापेक्षा तापवणे

या अनुभवांनंतर हायपरथर्मियाकडे अधिक लक्ष वळले. ही कल्पना मात्र त्याहून जुनी असून १९५७ साली गिलख्रिस्ट व सहकाऱ्यांनी ती मांडली होती. प्रत्यावर्ती चुंबकीय क्षेत्रात कणांच्या चुंबकत्वाची दिशा सतत उलटत राहते आणि त्यातून उष्णता निर्माण होते. गाठीचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे नेल्यास कर्कपेशी दुर्बल होतात व किरणोपचाराला अधिक प्रतिसाद देतात. जर्मनीतील मॅगफोर्स कंपनीच्या अशा उपचाराला मेंदूच्या अर्बुदासाठी २०१० साली युरोपात मान्यता मिळाली. यात कण रक्तातून न पाठवता थेट गाठीत टोचतात, म्हणजे पोहोचवण्याचा प्रश्न सुटत नाही, तो टाळला जातो. उपचारक्षेत्राजवळचे धातू तापत असल्याने रुग्णाच्या दातांतील धातूची भरणेही आधी काढावी लागत. ही कंपनी २०२२ साली दिवाळखोरीत गेली.

महाराष्ट्रातील संशोधन

औषधवहन व तापवणे यांची सांगड घालण्याचे काम पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत धीरेंद्र बहादुर व रिंती बॅनर्जी यांच्या गटांनी केले. २०१० साली जर्मन सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी चुंबकीय कण व डॉक्सोरुबिसिन एकाच लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशवीत, भरले. पिशवीवर फॉलिक आम्ल लावले होते, कारण अनेक कर्कपेशींच्या पृष्ठावर त्याचे ग्राही विपुल असतात. शरीराच्या ३७ अंश तापमानाला औषध बहुतांशी आतच राहिले आणि ४३ अंशांना वेगाने बाहेर पडले. हे प्रयोग कर्कपेशींच्या संवर्धनांवर केलेले होते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात के. सी. बारिक व पी. ए. हसन यांनी मॅग्नेटाइट कणांवर औषध जोडून सामूनुसार ते सोडण्याच्या रचना अभ्यासल्या.

कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात एस. एच. पवार यांच्या गटाने मॅग्नेटाइटऐवजी लँथॅनम स्ट्रॉन्शियम मँगनाइट निवडले. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे चुंबकत्व एका ठराविक तापमानाला लोपते. त्यास क्यूरी तापमान म्हणतात. मॅग्नेटाइटचे ते सुमारे ५८५ अंश आहे. मँगनाइटमधील घटकांचे प्रमाण बदलून ते बरेच खाली आणता येते. अशा कणांचे तापणे त्या तापमानाजवळ आपोआप थांबते, त्यामुळे गाठीशेजारच्या निरोगी ऊतींना भाजण्याचा धोका कमी करता येतो.