वारे गेलेला हात आणि चिंध्यांची चित्रे

‘अंगावरून वारे गेले’ हे शब्द आपल्या इतके तोंडात बसले आहेत, की पक्षाघात म्हणजे बाहेरून लागलेला वाराच, असे अनेकांना आजही वाटते. प्रत्यक्षात मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि त्या भागाच्या ताब्यातला हात, पाय किंवा वाचा बंद पडते. पहिले काही तास इस्पितळाचे. पुढचे महिने आणि वर्षे मात्र घरात, त्याच खाटेवर काढायची असतात. ती कशी काढावीत, हे एका अमेरिकन चित्रकाराच्या आयुष्यातून शिकण्यासारखे आहे.

रॉबर्ट राउशेनबर्ग यांचा जन्म १९२५ साली टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे झाला. औषधनिर्माणशास्त्र शिकायला गेले, पण बेडूक फाडायला नकार दिला आणि ते शिक्षण तिथेच संपले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या रुग्णालयात मानसिक रुग्णांची शुश्रूषा केली. चित्रकलेकडे वळले ते त्यानंतर.

त्यांची पद्धत अजब होती. न्यूयॉर्कमध्ये ते घराच्या आसपास एक फेरी मारीत आणि लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू गोळा करीत. पुरेसे सापडले नाही, तर दुसऱ्या दिशेने आणखी एक फेरी. मग रंग, कापड, वर्तमानपत्रांचे तुकडे, लाकूड, टायर हे सारे समोर मांडायचे आणि मन घेईल तसे जुळवायचे. आधी आराखडा नाही. १९५५ साली त्यांनी गोधडी, चादर आणि उशी फळीला लावून त्यावरच रंग ओतले. ‘बेड’ नावाचे ते चित्र आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. १९६४ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना चित्रकलेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

मन घेईल तसे केले, म्हणजे हयगय केली असे नव्हे. टायरमध्ये अडकवलेला पेंढा भरलेला बोकड हे त्यांचे गाजलेले काम. त्या बोकडाची जागा ठरेपर्यंत १९५५ ते १९५९ अशी चार वर्षे गेली. करून पाहायचे, नाही जमले तर काढून पुन्हा मांडायचे, हाच त्यांचा खाक्या.

आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला. १९७५ साली ते अहमदाबादेत आले आणि गांधीजींच्या आश्रमाच्या कागद कारखान्यात हातकागदावर काम केले. चिंध्यांचा लगदा आणि माती यांत मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडू, डिंक मिसळून त्यांनी कलाकृती घडविल्या. आपल्या स्वयंपाकघरातले जिन्नसच म्हणा ना!

२००२ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि कामाचा हात उजवाच. वय ७६. पण त्यांनी डाव्या हाताने काम सुरू केले. जड कामे सहकारी करीत. कोणता तुकडा कुठे बसवायचा, ते मात्र राउशेनबर्गच ठरवीत. २००८ साली मृत्यू येईपर्यंत हे चालू होते.

माझ्याकडे एक शिंपी उपचारासाठी येतात. उजवा हात गेल्यावर घरच्यांनी मायेपोटी त्यांना कशालाच हात लावू दिला नाही. दोन महिन्यांत ते बोलेनासे झाले, ताट परत पाठवू लागले. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला असे नैराश्य येते, आणि तो आजारच असतो. मी औषध दिले. शिवाय दुकानातल्या चिंध्यांचे गाठोडे त्यांच्यापुढे ठेवायला सांगितले. डाव्या हाताने तुकडे जुन्या लुगड्यावर मांडायचे, उजवा हात नुसता वजनासारखा ठेवून कापड दाबायचे. टाके सूनबाईंनी घालायचे. रंगसंगतीत कोणी नाक खुपसायचे नाही. त्या हातात कात्री पुन्हा आलेली नाही. पण कापड धरण्याइतकी बोटे वळतात, आणि जेवायला ते सर्वांबरोबर बसतात.

यात जादू नाही. जे अंग वापरले जात नाही, ते वापरण्याची मेंदूची सवयही मोडते. वारंवार हालचाल केली, की मेंदूचे शाबूत भाग थोडेफार काम उचलतात. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे ती मंदावते, पण थांबतेच असे नाही. शिवाय चिंध्या मांडण्यात चूक किंवा बरोबर काही नसते. त्यामुळे ‘मला जमत नाही’ हा घाव बसत नाही.

मात्र हे औषधाला पर्याय नव्हे. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाचा उपचार, व्यायामतज्ज्ञाने दिलेले व्यायाम सोडू नयेत. तंबाखू बंद. कबुतराच्या रक्ताने चोळण्यात वेळ आणि पैसा घालवू नये. आणि तोंड एकाएकी वाकडे झाले, हात गळाला, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

घरी असा रुग्ण असेल, तर त्याच्या हातून सगळी कामे काढून घेऊ नका. शेंगा सोलणे, फुले ओवणे, चिंध्या जुळविणे, काहीही चालेल. फक्त कसे करायचे, ते त्याला ठरवू द्या.