वळवातला प्रवास : धोका रस्त्यापेक्षा आडोशाला

२०२३ साली देशात वीज पडून २,५६० माणसे दगावली, असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी सांगते. २०२२ मध्ये हा आकडा २,८८७ होता. म्हणजे घट ११ टक्के. पण नैसर्गिक कारणांनी झालेले एकूण मृत्यू त्याच वर्षात ८,०६० वरून ६,४४४ वर, २० टक्क्यांनी उतरले. त्यामुळे बळी कमी होऊनही विजेचा वाटा ३५.८ वरून ३९.७ टक्क्यांवर गेला.

प्रवाशाने पाहावा असा आकडा वेगळाच आहे. विजेच्या बळींचा अभ्यास करणाऱ्या क्लायमेट रेझिलियंट ऑब्झर्व्हिंग सिस्टीम्स प्रमोशन कौन्सिलच्या अहवालात ७१ टक्के मृत्यू झाडाखाली थांबलेल्यांचे आहेत. थेट अंगावर वीज पडलेले २५ टक्के. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांभोवतीच्या जमिनीतही पसरते. दुचाकी बाजूला लावून वडाखाली पाऊस ओसरण्याची वाट पाहणारा नेमका तिथे असतो. पत्र्याची उघडी शेड किंवा तीन भिंतींचा एसटी निवाराही उपयोगाचा नाही. पक्क्या बांधकामाची शाळा किंवा ढाब्याची बंद खोली चालते. काचा वर केलेली, पत्र्याच्या टपाची मोटारही चालते: वीज पत्र्यावरून जमिनीत उतरते. रबरी टायरमुळे वाचतो हा समज चुकीचा आहे. तसे असते तर दुचाकीही सुरक्षित ठरली असती.

आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर कापतो. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. ताशी ५० च्या वेगाने दुचाकीला तेवढ्या अंतरासाठी १२ मिनिटे लागतात, म्हणून आडोसा त्याआधी हेरलेला हवा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

वळीव जमीन तापल्यावर, बहुधा दुपारनंतर येतो. पुणे-सोलापूर सुमारे २५० किलोमीटर, याच वेगाने ५ तास. सकाळी ६ ला निघालेला ११ ला पोचतो. ११ ला निघालेला दुपारी ४ पर्यंत उघड्यावर असतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातला इशारा देते. वादळ ताशी ४० किलोमीटरने येत असेल, तर २० किलोमीटर म्हणजे अर्धा तास. हवामान खात्याचा तात्काळ इशारा ३ तासांपुरताच असतो. त्यामुळे तो निघताना एकदा आणि इंदापूरला चहासाठी थांबल्यावर पुन्हा एकदा पाहावा लागतो.