कांदोळीपासून दहा किलोमीटरवर

समुद्राच्या पाण्यात प्राणवायू उरला आहे की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी बघता येते. हवा शिरू न देता पाणी काचेच्या बाटलीत भरायचे, त्यात मँगनीज क्लोराइड आणि आयोडाइड मिसळलेला अल्कली सोडायचा, बूच घट्ट लावून बाटली उलटसुलट हलवायची. थोड्या वेळात तळाशी साका बसतो. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही. विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली ही रीत काढली. त्यानंतर कितीतरी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आली, पण त्यांचे आकडे बरोबर आहेत का हे तपासायला अजूनही याच बाटलीकडे यावे लागते.

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटर आत अशा बाटल्या भरण्याची एक ठरलेली जागा आहे. पाणी तिथे तीस मीटरच्या आतच. बघण्यासारखे काहीही नाही. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची, म्हणजे गोव्यात जिला सगळे एनआयओ म्हणतात तिची, माणसे १९९७ पासून या जागी जातात आणि वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी भरून आणतात. फेब्रुवारीत सगळ्या बाटल्यांत तपकिरी साका बसतो. सप्टेंबरात वरच्या बाटल्या तपकिरी आणि तळाजवळच्या अनेकदा पांढऱ्या. काही वर्षी तर तळाच्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. असल्या पाण्यात मासा राहत नाही.

सप्टेंबर म्हणजे मासेमारीची बंदी उठून, नारळीपौर्णिमेचा नारळ वाहून बोटी पुन्हा समुद्रात गेल्यानंतरचा महिना. मग ऐन हंगामाच्या तोंडावर तळाचे पाणी असे का होते? पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलातले थंड पाणी उथळ भागात वर चढते. या पाण्यात खते भरपूर, पण प्राणवायू मुळातच कमी. कारण अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्याचा एक अवाढव्य थर आहे. त्यात सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस नद्यांतून येऊन समुद्रावर पसरतो. गोडे पाणी हलके, ते वर तरंगते आणि झाकणासारखे बसते. वाऱ्याने पाणी घुसळून वरचा प्राणवायू खाली जायचा, तो जात नाही. खतांवर माजलेले वनस्पतीप्लवंग मरून तळाशी कुजतात आणि जीवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. तो संपला की नायट्रेट, नायट्रेट संपले की सल्फेट. वास सुटतो तो या शेवटच्या पायरीवर. नोव्हेंबर-डिसेंबरात प्रवाह उलटा फिरला की पाणी पुन्हा ताजे होते.

यातली मधली पायरी जगाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. जीवाणू नायट्रेट मोडतात तेव्हा नायट्रस ऑक्साइड तयार होतो, आणि हवा तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातून हा वायू प्रचंड प्रमाणात सुटतो. प्राणवायूची ही टंचाई वाढते आहे आणि शेतांतून वाहून येणाऱ्या नायट्रोजनचा त्यात हात असू शकतो, असेही त्यांनी मांडले. टंचाई मुळात निसर्गाचीच, पण तिच्यात माणसाची भर किती? हा प्रश्न तेव्हापासून टेबलावर आहे. एकदा जाऊन पाणी आणून त्याचे उत्तर मिळणार नव्हते. वीस-वीस वर्षे त्याच जागी जावे लागणार होते.

संस्थेचा जन्म मात्र एका मोठ्या मोहिमेतून झाला. १९६० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात अनेक देशांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. तोवर हा जगातला सर्वांत कमी अभ्यासलेला महासागर होता. भारताकडून त्यात नौदलाची 'किस्तना' होती आणि चक्क 'बांगडा' नावाची मासेमारी नौकाही होती. मोहीम संपल्यावर जमलेली माणसे आणि माहिती वाऱ्यावर सोडायची नाही म्हणून १ जानेवारी १९६६ रोजी ही संस्था स्थापन झाली. पहिले संचालक डॉ. एन. के. पणिक्कर. संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या (सीएसआयआर) छत्राखाली आली, यथावकाश तिचे मुख्यालय गोव्यात स्थिरावले, आणि कोची, मुंबई व विशाखापट्टणम इथे तिची केंद्रे झाली. दोना पावलाच्या टेकडीवरून जुवारीचे मुख आणि पलीकडचे मुरगाव बंदर दिसते. जागा निवडणाऱ्याला दाद द्यावी.

वर्तमानपत्रांतून संस्था लोकांना माहीत झाली ती वेगळ्याच कामांनी. १९७६ साली 'गवेषणी' हे तिचे पहिले संशोधन जहाज आले, तेही गाळ वाहणाऱ्या बार्जचे रूप पालटून केलेले. याच जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातू गोळे वर काढले. मँगनीज, निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले, मुठीत मावतील असे हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्या बळावर १९८७ साली मध्य हिंदी महासागरातले दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला पाहणीसाठी मिळाले. पुढे त्यातले निम्मे भारताने ठेवले. ज्यांनी संस्थेला १९७० च्या दशकात आकार दिला ते डॉ. एस. झेड. कासिम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम घेऊन निघाले. लोथलचे उत्खनन करणारे एस. आर. राव इथे आले आणि द्वारकेच्या समुद्रात पाणबुडे उतरले. दगडी नांगर, बांधकामांचे अवशेष सापडले. कृष्णाची द्वारका सापडली अशा बातम्या झाल्या. पण नांगर सापडतात तिथे बंदर असते, एवढे खात्रीने म्हणता येते, आणि एवढेही पुरेसे रोमांचक आहे असे मला वाटते. द्वारकेवर जितके छापून आले त्याच्या शतांशही कांदोळीवर आले नाही, याचे मात्र वैषम्य वाटते.

फसलेल्या प्रयोगाचीही इथे दखल घ्यायला हवी. २००९ च्या सुरुवातीला 'लोहाफेक्स' मोहिमेत संस्थेतल्या आणि जर्मन शास्त्रज्ञांनी 'पोलारस्टर्न' जहाजावरून दक्षिण महासागरात लोहाचे द्रावण टाकले. लोह मिळाले की प्लवंग फोफावतील, मरून तळाशी जातील आणि सोबत हवेतला कार्बन नेतील, अशी आशा होती. पर्यावरणवाद्यांच्या विरोधाने काम काही दिवस अडलेही. प्लवंग वाढले, पण पाण्यात सिलिका नव्हती म्हणून कवचवाले डायटम वाढले नाहीत, आणि जे वाढले ते बारक्या कवचधारी प्राण्यांनी फस्त केले. कार्बन फारसा खाली गेलाच नाही. समुद्रात लोह ओतून हवामान सुधारू म्हणणाऱ्यांना हे नकारार्थी उत्तर मिळाले, ते कुठल्याही यशाइतकेच कामाचे.

संस्थेचे मला सर्वांत आवडणारे काम मात्र प्रवाहांचे आहे. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर वारा मंद असतो आणि तो उत्तरेकडून येतो; तरी किनाऱ्यालगतचा प्रवाह त्याच्या तोंडावर उत्तरेकडे जातो. सतीश शेट्ये, डी. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याचा उलगडा केला. बंगालच्या उपसागरावर वारा वाहतो, त्याने उठलेल्या लांबच लांब लाटा किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालतात आणि केरळ, कर्नाटक ओलांडून आपल्याकडे येतात. या लाटा किनाऱ्यावर उभे राहून दिसत नाहीत; पाण्याची पातळी काही सेंटिमीटर बदलते, आणि खोलवर थंड-गरम पाण्यामधली सीमा वर किंवा खाली सरकते. म्हणजे मालवणसमोरचे पाणी कुठे जाणार, हे काही अंशी चेन्नईकडच्या वाऱ्याने ठरते. आता संस्थेने किनाऱ्याच्या उतारावर ठिकठिकाणी प्रवाहमापक यंत्रे नांगरून ठेवली आहेत.

याच विचारातून कांदोळीच्या आकड्यांचाही एक धागा सुटला. २०१७ साली संस्थेतल्या आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवले की सुमात्राजवळचे पाणी नेहमीपेक्षा थंड पडते, म्हणजे हिंदी महासागराचा द्विध्रुव 'धन' असतो, त्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर खोलातले पाणी तितके वर चढत नाही आणि प्राणवायू पार संपण्याची वेळ येत नाही. उलट मात्र खरे नाही: द्विध्रुव 'धन' नसला म्हणून दर वर्षी प्राणवायू संपतोच असे नाही. म्हणजे नुसत्या शेतातल्या खतावर खापर फोडून चालणार नाही, आणि खत निर्दोष आहे असेही सिद्ध होत नाही.

मुंबईची या संस्थेशी गाठ पडते ती दोन कारणांनी. एक, समुद्राची पातळी. अपोलो बंदरचा भरतीमापक १८७८ पासून नोंदी ठेवतो. अशा जुन्या मापकांवरून ए. एस. उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ साली उत्तर हिंदी महासागरात पातळी वर्षाला सरासरी १.२९ मिलिमीटरने वाढत असल्याचे दाखवले. १९९३ नंतरच्या उपग्रहांच्या मोजणीत हा वेग ३ मिलिमीटरच्या वर गेला. दुसरे कारण म्हणजे अंधेरीच्या केंद्रातून होणारे किनारी प्रकल्पांचे अभ्यास. प्रकल्पाच्या अभ्यासाचा खर्च प्रकल्पवाल्यानेच द्यायचा ही आपल्या देशातली रीत अवघड आहे. अभ्यासक कितीही सचोटीचा असला तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहतेच.

गोव्यातल्या माणसाला सर्वांत जवळचा विषय डांबराच्या गोळ्यांचा. मे महिन्यापासून किनाऱ्यांवर काळे चिकट गोळे येऊन पडतात, पायांना लागतात आणि रॉकेलशिवाय निघत नाहीत. तेलालाही ठसा असतो. त्यातल्या काही रेणूंचे प्रमाण प्रत्येक साठ्याचे निराळे. संस्थेतल्या संशोधकांनी गोळ्यांचा ठसा तेलाच्या नमुन्यांशी ताडून पाहिला आणि वारा-प्रवाहांचे गणित उलटे चालवून गोळे कुठून निघाले असतील ते शोधले. काही गोळे टाक्या धुऊन पाणी समुद्रात सोडणाऱ्या तेलवाहू जहाजांकडे बोट दाखवत होते, काही बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे. जहाजाने टाकी धुतली ती भर समुद्रात, रात्री, कुणी बघत नसताना. गोळा किनाऱ्याला लागेपर्यंत ते जहाज पुढच्या बंदरात माल उतरवत असते. वाळू साफ करण्याचा खर्च गोव्याच्या माथी.