शाळेचा अंक आणि वाचकाचे मत



शाळेचा वार्षिक अंक निघतो तेव्हा गावात मोठा उत्साह असतो. मुलांनी गोष्टी-कविता दिलेल्या असतात. गुरुजींनी रात्री जागून मुद्रिते तपासलेली असतात. प्रकाशनाला टाळ्या पडतात, आणि महिन्याभराने त्याच अंकाचे गठ्ठे कपाटात जाऊन बसतात. ज्या मुलीने जन्मात पहिल्यांदा चार ओळी लिहिल्या, त्या कोणी वाचल्या की नाही, हे तिला कधी कळतच नाही. लिहून काही होत नाही, एवढाच धडा तिला मिळतो. अंक वाया जाणे परवडेल, पण हा धडा परवडायचा नाही.

यावर उपाय म्हणजे वाचकाला विचारणे. आता कोणी म्हणेल, “आम्ही विचारतो की! ‘अंक कसा वाटला?’ म्हणून विचारतो, आणि सगळे ‘छान’ म्हणतात.” खरी अडचण तिथेच आहे. गुरुजी समोर उभे असताना कोणता विद्यार्थी ‘कंटाळवाणा’ म्हणेल? तेव्हा विचारण्याची रीत बदलली पाहिजे.

अमेरिकेत जॉर्ज गॅलप नावाच्या संशोधकाने १९२८ साली वर्तमानपत्राच्या वाचकांवर प्रबंध लिहिला. त्याची रीत साधी होती. वाचकासमोर तोच अंक उघडायचा, पानामागून पान उलटायचे आणि विचारायचे, “यातले तुम्ही काय वाचले?” मोघम विचारले की माणूस भारदस्त उत्तर देतो. पान समोर धरले म्हणजे खरे सांगतो. चित्रे आणि व्यंगचित्रे बघणारे संपादकांच्या अंदाजापेक्षा पुष्कळ निघाले.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आणि आकाशवाणीचेच आहे. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत. त्या धर्तीवर १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. मराठी भाषिक पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळे बसवली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गावकरी ऐकत, चर्चा करत, आणि त्यांच्या शंका पुण्याला जात. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा कितीतरी जास्त भर पडलेली दिसली. १९५९ मध्ये ही योजना देशभर नेली गेली. इथे ध्यानात ठेवायचे ते हे, की प्रश्नाला उत्तर येते असे दिसले म्हणजे माणूस पुन्हा विचारतो. उत्तर आले नाही तर गप्प बसतो.

आता हे आपल्याकडे कसे करावे? समजा, बुलढाणा जिल्ह्यात, चिखली तालुक्यातल्या अमडापूरच्या मुलांनी अंक काढायचे ठरवले. सगळा अंक एकदम छापू नये. आठ पानांचा नमुना काढावा आणि पंधरा-वीस वाचकांपुढे ठेवावा. त्यांत पाचवीचा मुलगा असावा, दहावीची मुलगी असावी, सोयाबीन-कपाशीच्या कामातून सवड काढणारी आई असावी आणि चष्मा लावणारे आजोबाही असावेत. वाचकाबरोबर विद्यार्थ्यानेच बसावे, गुरुजींनी दूर राहावे. प्रश्न तीनच पुरेत: काय वाचले? कुठे सोडून दिले? कोणता शब्द अडला?

उत्तरे वाचकाच्याच बोलीत लिहून घ्यावीत. आजोबा म्हणाले, “अक्षर लय बारीक हाय, डोये दुखते,” तर तसेच लिहावे. ‘टाइपाचा आकार अपुरा’ असे शुद्ध करू नये; त्यात आजोबांची तक्रार हरवते. मग प्रत्येक पानापुढे खुणा मोजाव्यात. एकाच ठिकाणी चौघे-पाच जण थांबले, तर दोष वाचकाचा नाही, पानाचा आहे. पहिली दहा पाने शुभेच्छा आणि फोटोंनी भरली असतील, तर मुलांचे लेखन पुढे आणावे. भित्तिपत्रक असेल तर लहान मुलांची नजर कुठवर पोचते ते पाहून कागद लावावा.

आता बऱ्याच शाळांचे अंक संकेतस्थळावरही येतात. तिथेही रीत हीच. जेकब नीलसन या तज्ज्ञाने २००० साली लिहिले, की पाच माणसांना वापरायला दिले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. तेव्हा पाच जणांच्या हाती, एकेकाच्या, मोबाइल द्यावा. “सहावीच्या मुलांच्या कविता शोधा,” एवढेच सांगावे आणि गप्प बसावे. बोट दाखवू नये. माणूस कुठे चाचपडतो ते आपोआप दिसते. जड फोटोंमुळे पान उघडत नाही. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये न घेतल्याने अक्षरांऐवजी भलत्याच खुणा उमटतात. संगणकाच्या पडद्यावर छान दिसणारे पान मोबाइलवर मावत नाही. हे दोष खोलीत बसून कळत नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. वाचकांचे मत म्हणजे मतदान नव्हे. पुष्कळांनी विनोद मागितले म्हणून अंकभर विनोद घालायचे नाहीत. विहिरीच्या पाण्यावर एका मुलाने केलेली टिपणे पाचच जणांनी वाचली असतील, तरी ती राहिलीच पाहिजेत. मथळा बदला, चित्र द्या, वाक्ये लहान करा. मांडणी वाचकाला विचारून ठरवावी. काय छापायचे त्याची जबाबदारी संपादकाने सोडू नये. मत देणाऱ्यावर नाव लिहिण्याची सक्तीही नसावी.

आणि शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे. पुढच्या अंकात अर्धे पान राखून लिहावे: तुम्ही हे सांगितले, आम्ही हे बदलले, आणि हे बदलले नाही, त्याचे कारण असे. ते अर्धे पान वाचून आजोबांना कळेल की आपले ऐकले गेले. त्या चार ओळी लिहिणाऱ्या मुलीलाही कळेल, की आपल्या कवितेपाशी कोणीतरी थांबले होते. मग पुढच्या अंकासाठी तिच्याकडे लेखन मागायला जावे लागणार नाही.