पंचनामा आधी की बातमी आधी?

गावात काही विपरीत घडले की आधी पोलिसांची गाडी येते आणि तिच्यामागोमाग वार्ताहराची मोटारसायकल. दारव्हा, उमरखेड, पांढरकवडा, कुठेही पाहा. तालुक्याचा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर राबणारा. रोज सायंकाळी ठाण्यात जाऊन दिवसभराची नोंद उतरवून घ्यायची, हेच त्याचे काम. ठाणेदारसाहेब नाराज झाले तर उद्याची बातमी बंद! म्हणून ‘पोलीस सूत्रांकडून समजते’ या तीन शब्दांनी त्याची बातमी सुरू होते आणि तिथेच संपते. ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला कोणी विचारीत नाही.

याची किंमत आपल्या समाजाने खैरलांजीत मोजली. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुलगे सुधीर व रोशन यांना जमावाने ठार केले. प्रेते कालव्यात टाकली. शेतातून रस्ता नेण्याचा जुना वाद होता. मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखाताईंनी आरोपी ओळखले होते आणि ते त्याच दिवशी जामिनावर सुटले होते. पण सुरुवातीच्या बातम्यांत काय छापून आले? अनैतिक संबंधांमुळे गावकरी चिडले! मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर डाग लावायला ना पुरावा लागला, ना पंचनामा. जातीचा प्रश्न मागेच राहिला.

खरी हकीकत बाहेर काढली ती गावात जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांनी. नोव्हेंबरमध्ये नागपूर-विदर्भातले लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठे मोठ्या वृत्तपत्रांना जाग आली. मग पोलीस व डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. २००८ साली भंडारा न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांची कैद केली. अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र दोन्हीकडे टिकला नाही. पहिल्या दिवशी कागदावर जे आले नाही, ते पुढे न्यायालयात कुठून येणार? भैयालालजी २०१७ साली गेले.

रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहा माणसे गेली, तेव्हाही गॅसचे टँकर पेटवणार होते ही पोलिसांची कथा आधी पसरली. गुंडेवार आयोगाने ती मानली नाही, पण तोवर लोकांच्या डोक्यात टँकर बसला होता.

पोलिसांनी पत्रकारांना किती व काय सांगावे याची नियमावली करा, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राला बजावले. ते वर चालू राहील. आपल्या हाती दुसरे आहे. फिर्याद वाचून दाखवण्याचा आग्रह धरा, तिची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाणे सोडू नका. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. अत्याचारित भगिनीचे नाव वा फोटो कोणालाही देऊ नका, आपल्या पोरांनी मोबाईलवरही फिरवू नये.

आमच्याकडे आता दोघे जण जातात. एक कुटुंबाबरोबर ठाण्यात, दुसरा वार्ताहराकडे फिर्यादीची झेरॉक्स घेऊन. एकदा तो कागद वाचून वार्ताहर म्हणाला, “भाऊ, हे तर मला ठाण्यात सांगितलंच नाही.” बातमी आली. आतल्या पानावर, पण कलमासकट.