नॅशनल परमिट ५ वर्षांचे. मग ट्रक सीमेवर का अडतो?

ठाकुर्लीतील मालकाचा ‘एमएच-०५’ ट्रक डोंबिवली एमआयडीसीतून माल घेऊन सुरतला निघाला, तर कल्याण आरटीओची नोंदणी पुरेशी नाही. नॅशनल परमिट लागते. गफलत इथेच होते. परमिट ५ वर्षांचे असले, तरी परराज्यात जाण्याचे प्राधिकारपत्र एकाच वर्षाचे असते. दरवर्षी १६,५०० रुपये एकत्रित शुल्क भरून ते ऑनलाइन घ्यावे लागते. सुरतहून परतीचा माल आणता येतो. मात्र सुरतचा माल बडोद्याला पोहोचवता येत नाही. परमिटविना वाहतूक केल्यास कलम १९२अ नुसार १० हजार रुपये दंड आणि कैदही होऊ शकते. म्हणून गाडी निघण्यापूर्वी परमिट आणि प्राधिकारपत्र, दोन्हींच्या तारखा तपासा.